मोठा आ

खालच्या जबड्याचा बारा दातांचा ब्रिज ज्ञानोबानं रुमालात बांधून आणला होता. बसवल्यापासून तिसऱ्यांदा निघाला होता. नेकनूरच्या दवाखान्यात डॉक्टर पंचशीलाबाईंनी तो उजेडात धरला आणि त्यांचं डोकंच सणकलं.

"काका, हरभरे फोडता का ह्यानं?"

"न्हाई बाई. भाकर बी दुधात कुस्करून खातो."

म्हातारा खोटं बोलत नव्हता. ब्रिज शाबूत होता, सिमेंट तेवढं दोन्ही टोकांना फुटलेलं. बाईंनी त्याला आ करायला लावलं, मिटायला लावलं, पुन्हा आ. मग त्यांच्या लक्षात आलं. मोठा आ केला की खालचा जबडा दोन्ही बाजूंनी केसभर आत येतो. हाड लवतं, ब्रिजचा धातू लवत नाही. कॉलेजात हे शिकवलं होतं. एवढा लांब ब्रिज मधून तोडून दोन तुकड्यांत करायला हवा होता. पण एकसंध छान दिसतो म्हणून तसाच केला. हौस नडली, दुसरं काय.

"चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "दोन तुकड्यांत नवा करून देते, फुकट. पण ज्या सहा दातांवर तो बसतो, ते हलायला लागलेत. तीन महिने मोठा आ करायचा नाही. केला तर तेही जातील, मग ब्रिज बसवायचा कशावर? जांभई आली तरी हनुवटीला हात लावा. एवढा आ करता तरी कशाला?"

"हाळी देतो. रोज दिवस मावळताना, बांधावरून. बाळूला."

बाळू त्याचा मुलगा, पस्तिशीचा. एवढ्या घोड्याला हाका मारून दात घालवायचे म्हणजे कमालच झाली. बाईंना हसू आलं.

"मोबाईल नाही का त्याच्याकडं? फोन करा की."

ज्ञानोबानं बंडीच्या खिशातून एक मोबाईल काढून टेबलावर ठेवला. काचेचा पार चुरा झाला होता.

"ह्यो त्याचाच. मांजरसुंब्याला बाळू ट्रकखाली गेला, तवा पोलिसांनी दिला. दिवाळीला वर्ष हुईल."

त्यानं रुमालाची घडी घातली.

"त्याच्या मायच्या ध्यानात काईच ऱ्हात न्हाई. सांगितलं की रोज नव्यानं रडती. हाळी दिली की म्हणती, येईल आता, आन् जेवती. तुमी ते सहा दात काढूनच टाका, बाई. हाळी बोळक्यानं बी देता येती."