दोरीवरची राख

गावाशेजारच्या कोळशाच्या वीजकेंद्राची राख अक्कम्माच्या दोरीवरच्या कपड्यांवर बसायची, तशी तिच्या छातीतही बसली होती. तिचा दमा बघून नवरा चनबसप्पा इरेला पेटला. पेट्रोलची रिक्षा विकून त्यानं विजेवरची घेतली आणि सोलापूरच्या स्टँडवर एकेकाच्या मागं लागून चाळीस रिक्षावाल्यांना घ्यायला लावली. "समद्या गाड्या विजेवर आल्या की सोलर वाढणार. मग कोळसा कोण जाळतंय?" हे त्याचं पालुपद.

दोन वर्षांत माळामाळावर सोलर उभं राहिलं, आणि तरीही वीजकेंद्राच्या दुसऱ्या धुराड्यासाठी मांडवात जनसुनावणी लागली. चनबसप्पा तिथंच उठून म्हणाला, "साहेब, सोलर लई झालंय की. मग हे आनखी कशाला?"

वीजकेंद्राचे साहेब चिडले नाहीत. "दुपारी सोलरची वीज इतकी येते की थोडं सोलर बंद ठेवावं लागतं. पण तेव्हा तुमच्या रिक्षा रस्त्यावर असतात. सूर्य मावळला की सगळ्या एकदम चार्जिंगला लागतात. ती वीज सूर्य कुठून देणार?"

चनबसप्पा खाली बसला. दुपारचा धंदा सोडून रिक्षा कोण उभी करणार, हे त्यालाही ठाऊक होतं. मागं स्टँडवरचे चाळीस जण बसले होते, पण वळून बघायचा त्याला धीर झाला नाही.

सात वाजता तो घरी पोचला, तेव्हा अक्कम्मा पदरानं चार्जिंगच्या पिनेवरची राख पुसून, वायर हातात घेऊन, रोजच्यासारखी खोकत दारात उभी होती.