ट्रेनरचा कागद

गजर, दर दोन तासांनी. बिस्किटाचे शेंगदाण्याएवढे तुकडे. बाबांची आवडती शाल, पिंजऱ्यात अंथरलेली. फ्रिजवर कुत्र्याच्या ट्रेनरनं दिलेला सूचनांचा कागद. माझी बदली झालेली. लेकीला वर्षभर आईबाबांकडे ठेवता येईल का, हे विचारायला तिला घेऊन आले होते. तेवढ्यात नव्या पिल्लानं गालिच्यावर शू केली. बाबांनी मुकाट्यानं फडकं आणलं, गुडघे टेकून पुसलं, पिल्लाला शालीवर निजवलं आणि पिंजऱ्याचं दार उघडंच ठेवलं. “ओरडायचं नाही. लहान जीव भीतीनं जास्तच करतो.” “हे तुम्हाला कधी कळलं?” मी विचारलं. “परवा. ट्रेनरनं सांगितलं.” “कुत्र्यानं ह्यांना माणसात आणलं बघ,” आई हसली. बाबा नातीकडे वळले. “तू नाही ना गादी ओली करत? एवढी घोडी झालीस!” लेकीनं माझं बोट घट्ट धरलं. मी बॅग उचलली. मी दुसरीत असताना बाबांनी मला ओल्या चादरीसकट बाथरूममध्ये कोंडलं होतं.