फलकावरची आजी

"आजी, उठा. इथं बसायचं नाही," रखवालदार म्हणाला.

म्हातारी उठली नाही. झाडाभोवतीच्या दगडी कठड्यावर ती कशीबशी टेकली होती आणि सारखी खाली घसरत होती. घसरणारच. तो कठडा मुद्दाम उतरता बांधलेला होता. लोक बसले की घोळका होतो आणि घोळका झाला की चालणाऱ्यांची वाट अडते, असं या वस्तीची आखणी करणाऱ्या बाईंचं ठाम मत होतं. रस्ता चालायला असतो, ठिय्या मारायला नाही, हे त्या इतक्यांदा सांगत की हाताखालची मंडळी पाठीमागे त्यांची नक्कल करत. हातवाऱ्यांसकट.

बाई थोड्याच अंतरावर उभ्या होत्या. सोबत तीन परीक्षक. चालायला सगळ्यात चांगली वस्ती कोणती, ते आज ठरायचं होतं. बाईंनी या वस्तीसाठी जिवाचं रान केलं होतं. गाड्या बाहेरच थोपवल्या, पदपथ ऐसपैस केले, शाळा आणि दवाखाना घरापासून पायी जाता येईल असे आणले. त्यापायी दुकानदारांच्या शिव्या खाल्ल्या. आज पारितोषिक मिळालं तर पलीकडच्या वस्त्यांची आखणीही त्यांच्याचकडे येणार होती. सकाळपासून सगळं सुरळीत चाललं होतं. परीक्षक माना डोलवत होते. आणि नेमकी आत्ताच ही म्हातारी वाटेत.

ती म्हातारी त्यांची आई होती.

"तुमच्या ओळखीच्या आहेत का?" मुख्य परीक्षकांनी सहज विचारलं. बाई एकदम थबकल्या, ते त्यांच्या लक्षात आलं असावं.

"नाही हो," बाई मान हलवत म्हणाल्या. "असतील इथल्याच कोणीतरी."

बोलून गेल्या आणि त्यांची कानशिलं तापली. आईला कमी ऐकू येतं, याचं त्यांना जन्मात पहिल्यांदा बरं वाटलं. मग बरं वाटल्याची लाज वाटली. आईने वर पाहिलं. ऐकू आलं नसेल, पण लेकीची हललेली मान तिला दिसली होती. तिने लगेच नजर दुसरीकडे वळवली आणि पदर सारखा करत परक्यासारखी बसून राहिली. लेकीने धरलेला पडदा तिनेही दुसऱ्या टोकाने धरून ठेवला होता, आणि बाईंना ते बघवेना.

"अहो, पण या तर फलकावरच्या आजी!" परीक्षकांतली तरुण मुलगी आजींजवळ जात मोठ्याने म्हणाली.

वस्तीच्या तोंडाशी मोठा फलक होता. त्यावर याच रस्त्याचं चित्र, आणि चित्रात हातात पिशवी घेऊन झपझप निघालेली एक हसरी म्हातारी. रस्त्याच्या चित्रात अशी माणसं चिकटवायची, ही या धंद्यातली रीतच आहे. माणसांवाचून रस्ता ओकाबोका दिसतो. कचेरीत तयार माणसांचे फोटो ढिगाने असतात, पण त्यातली म्हातारी बाईंना एकही पसंत पडेना. शेवटी त्यांनी आईलाच घराबाहेर चालायला लावून तिचा फोटो काढला. आईच्या हातात काठी होती. "काठीमुळे सगळं चित्रच आजारी दिसतंय," असं म्हणत बाईंनी ती संगणकावर पुसून टाकली. रिकाम्या मुठीत पिशवी दिली. आईला दाखवलं तेव्हा ती हरखून गेली. "अगं बाई! मी तर पळतच सुटलेय की!" म्हणाली, आणि शेजारपाजारच्या सगळ्यांना फलक दाखवून आली.

"सगळ्या म्हाताऱ्या सारख्याच दिसतात हो," आई आता मोठ्याने हसत परीक्षक मुलीला म्हणाली. "मी आपली रोज चालते इथं. फार छान रस्ता केलाय. जरासुद्धा दमायला होत नाही."

तिच्या ओठांवर घाम होता. तो लक्षात न येऊन मुलगी भाबडेपणाने म्हणाली, "मग चला ना आमच्याबरोबर थोडं!"

आई उठली. अगदी ताठ. पिशवी मुठीत धरली, फलकावर आहे तशीच. एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, आणि तिचा मोकळा हात हवेत काहीतरी चाचपू लागला. हाताला काहीच लागलं नाही. ती एका अंगावर कलली.

"आई!"

बाई कधी धावल्या, त्यांना कळलंही नाही. आई खाली पडायच्या आत त्यांनी तिला कवेत धरलं होतं. गुडघे फरशीवर आपटले होते. रखवालदार उगाचच टोपी सारखी करू लागला.

"आई?" मुख्य परीक्षक हळूच म्हणाले.

बाईंनी मान वर केली नाही. करवत नव्हती. आईच्या कानाशी तोंड नेऊन त्यांनी विचारलं, "काठी कुठाय गं तुझी?"

आईने चोरून परीक्षकांकडे पाहिलं आणि लेकीच्या कानात कुजबुजली. पण कमी ऐकू येणाऱ्या माणसाचं कुजबुजणं ते, सगळ्यांना लख्ख ऐकू आलं.

"घरी ठेवली गं. चित्रात नाही ना ती. म्हटलं, या लोकांना एखादी म्हातारी चालताना दिसेल, तुला बरं पडेल. उगाच काठी दिसून तू खोटी पडायला नको."