तेरा पायऱ्या

"काकी, जरा दाराकडे सरका. तोंडावर उजेड येत नाहीये."

सुगंधा बसल्याबसल्याच वीतभर पुढे सरकली. श्रुतिकाने मोबाईल तांदळाच्या डब्यावर उभा केला आणि पडू नये म्हणून मागे मिक्सरचं भांडं लावलं. घाटकोपरच्या टेकडीवरची ही पोटमाळ्याची खोली. खाली उतरायचं तर बाहेरून लोखंडी शिडी, सरळ उभी, तेरा पायऱ्यांची. श्रुतिका ती मघाशी एका हातात मोबाईल धरून चढून आली होती. चोवीस वर्षांची पोरगी, तिला काय होतंय!

"मागच्या वर्षीचंच वाक्य. तेवढंच म्हणायचं. तुमच्या स्टाईलमध्ये."

मागच्या वर्षी बिल्डरची माणसं वस्ती पाडण्याआधी दारांवर नंबर रंगवायला आली, तेव्हा सुगंधा याच दारात उभी राहून झाडू नाचवत ओरडली होती, "मी मरान, पण हयसून हलूचंय नाय!" श्रुतिकाने ते खालून टिपलं आणि 'आपली टेकडी' नावाच्या पेजवर टाकलं. तोवर पेजला वस्तीतलेच दीडशे लोक होते. आठवड्यात साठ हजार झाले. मुलुंड, मरोळ, विक्रोळी, जिथे जिथे दारांवर नंबर पडत होते तिथली माणसं पेजवर येऊन एकमेकांना कागद दाखवू लागली, कायदा समजावू लागली. पेजवर फोटो सुगंधाचा, तिथे सगळे तिला आजीच म्हणत. मोर्चाच्या टी-शर्टवरही तीच. खोटं कशाला बोला, सुगंधालाही ते सगळं भारी आवडलं होतं. बाजारात कोळीण तिला ओळखायची आणि वाट्यावर दोन बांगडे जास्तीचे टाकायची.

तेव्हा ती बाजारात जात होती.

"गो श्रुतिका, तो कॅमेरो चालू करू नको. आधी आयक."

"नाही चालू. बोला."

"निलेशान चेंबूराक खोली बघल्यान. भाड्याची. तळमजलो हा. संडास घरातच."

निलेश तिचा मुलगा. त्याने हे श्रुतिकाला कधी सांगितलं नव्हतं. श्रुतिका डब्यावरचा मोबाईल उगाच नीट करत राहिली.

"दुपारनंतर मी पाणी पिणंय नाय, तुका म्हायत हा? पिलंय तर उतरूचा लागता. गुडघे ऱ्हवले नाय माझे. परत चढतंय तेव्हा जीव जाता."

शेजारी चहाचा कप होता, श्रुतिकाचा. एकच कप. गेले कित्येक महिने ती इथे येत होती, काकींच्या हातचा चहा पीत होती, आणि काकी कधीच तिच्याबरोबर घेत नाहीत हे तिच्या आज लक्षात आलं. तिला स्वतःचीच लाज वाटली.

"मग जा ना काकी," ती म्हणाली. "खरंच जा."

"कशी जाव?"

गेल्या रविवारी निलेशने एक जुनी गादी शिडीवरून खाली नेली होती, कापूस पिंजून आणायला. कुणीतरी तिचा फोटो काढून पेजवर टाकला. 'आजी पण फुटली?' संध्याकाळपर्यंत चारशे कमेंट. सोमवारी खालच्या गल्लीतल्या दोन घरांनी बिल्डरच्या संमतीपत्रावर सह्या केल्या. नवी घरं कुठे मिळणार, याच टेकडीवर की आणखी कुठे, ते बिल्डर अजून लिहून द्यायला तयार नव्हता. आजी फुटलेली नाही हे दाखवायला तर आजचा व्हिडिओ.

"एक गादी खाली गेली तर दोन घरांनी सह्यो केल्यानी," सुगंधा म्हणाली. "मी गेलंय तर ऱ्हवतला कोण?"

श्रुतिकाला उत्तर माहीत होतं. काकी गेल्या तर सही करतील ती घरं तिची मनातल्या मनात मोजूनही झाली होती.

"तूच सांग. तू जा म्हटलंस तर उद्या सकाळी जातलंय. कोणाक काय बोलूचा ता तू बघ."

इतका वेळ 'जा' म्हणणं सोपं होतं. आता सगळं तिच्या त्या एका शब्दावर आलं होतं.

खालून हाक आली. शिडीच्या पायथ्याशी कमल उभी होती, खालच्या गल्लीतली. तिने सही केली नव्हती. "श्रुतिका, झाला का गं व्हिडिओ? ग्रुपवर सगळे विचारतायत यार!"

"पाच मिनिटं!" श्रुतिकाने दारातून ओरडून सांगितलं. मग ती सुगंधाजवळ येऊन बसली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "सुनावणी होईपर्यंत, काकी. फक्त तेवढंच."

"खंयची सुनावणी?"

"तीच, कोर्टातली. मागच्या महिन्यात पुढे ढकलली ती."

सुगंधाने वाद घातला नाही. पदर सारखा केला, केसांवरून ओला हात फिरवला. श्रुतिकाने मोबाईल चालू केला. सुगंधाने तोंड उघडलं. "मी मरान..." म्हणाली आणि थांबली. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथेच थांबली. तिसऱ्यांदा तर ओठ नुसतेच हलले.

"राहू दे काकी. बोलू नका. नुसता फोटो काढते. खाली मी लिहीन."

श्रुतिकाने मोबाईल हातात घेतला. भिंतीला टेकलेली काकींची काठी उचलून कपाटामागे ठेवली. मागे सरकत सरकत ती दारापर्यंत गेली, शिडीच्या वरच्या पायरीवर एक पाय टेकवला आणि मोबाईल डोळ्यांसमोर धरला. आता चौकटीत फक्त सुगंधा आणि तिच्यामागची भिंत.

"मान थोडी वर. अजून. हां, झकास," श्रुतिका म्हणाली. "आता हलू नका."