एकट्याचं वर्तुळ

"कमलाक्षीला पहिल्यात घाल," प्रभावती म्हणाली.

"कमलाक्षीआजी यात नाही गो. तिचा नातू आहे."

"नातवाला कळलं म्हणजे तिला कळलं. माझी सख्खी बहीण ती, पेडण्याहून यायचं तिला. ती आल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही."

गौरवीनं नातवाचा फोटो उचलून पहिल्या वर्तुळात सोडला.

पोदेर सकाळचे पाव देऊन गेला होता आणि मुळगावच्या घराच्या पडवीत आजी-नात लॅपटॉप घेऊन बसल्या होत्या. घरात गौरवीच्या लग्नाची गडबड होती. मार्गशीर्षातला मुहूर्त निघाला होता. ही नवी साइट नुकतीच आली होती. आपली माणसं निवडून वेगवेगळ्या वर्तुळांत ठेवायची, आणि एका वर्तुळाला लिहिलं की त्यातल्या सगळ्यांना एकदम कळायचं.

"आणि आपण कुठल्या वर्तुळात आहोत हे त्यांना दिसतं?" प्रभावतीनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"नाही. फक्त तुलाच."

"मग चांगलं आहे. इतकी वर्षं हे मी मनातच करत आले."

पोर्तुगेजांच्या वेळी देवळातल्या शाळेत दुसरीपर्यंत शिकलेल्या प्रभावतीचं खातं असं उघडलं. फोटो मात्र तिनं काढू दिला नाही. गेल्या आठवड्यात डॉक्टरला दाखवायला ती म्हापशाला गेली होती, तेव्हा परतताना हट्टानं स्टुडिओत बसून मोठा फोटो काढून घेतला होता. तोच लाव म्हणाली.

"ही शेजारची देवकी."

"तिला सांगावं लागत नाही. सगळ्यांच्या आधी येईल नि सगळ्यांच्या शेवटी जाईल. तरी घाल पहिल्यात. नाहीतर वर्षभर दारात उभी राहून बोलेल."

"मुंबईचा सुधीरकाका?"

"तो दुसऱ्यात. आजवर कधी वेळेवर आलाय? जेवायला आला तरी पुष्कळ. बायको त्याची दर वेळी भाजीत मीठ कमी म्हणते. तिलाही त्याच्याबरोबरच घाल, एका पानावर बसू देत."

गौरवी हसली. प्रभावती हसली नाही. चष्मा पुढे सरकवून ती पडद्याकडे बघत राहिली.

"दत्ताराम राहिला बघ. त्याचा मुलगा असेल यात. पहिल्यात घाल. लाकडांचं त्याच्याकडे आहे. परसातला आंबा पाडून, फोडून त्यानं सुकत घातलाय."

"आजी, बाबांनी केटरर सांगितलाय. चूल पेटवायचीच नाही या वेळी."

"तुझा केटरर त्याचं बघेल. दत्ताराम त्याचं बघेल."

शेवटी एकच फोटो उरला. गौरवीनं तो मुद्दाम मागे ठेवला होता. श्रीनाथ. प्रभावतीचा धाकटा. त्यानं डोंगरावरचा आपला वाटा खाणीला दिला, आणि पहिल्याच पावसात तांबडा चिखल उतरून प्रभावतीच्या शेतात गुडघाभर साचला. "त्या शेतावर तुला वाढवला रे," एवढंच ती तेव्हा बोलली होती. तेव्हापासून श्रीनाथ फोंड्याला राहत होता. नऊ वर्षं झाली. याच काकानं गौरवीला सायकल शिकवली होती.

"काकाला पहिल्यात घालते," गौरवी हळूच म्हणाली.

"हात काढ."

"आजी..."

"तिसरं वर्तुळ कर. त्यात ठेव त्याला."

गौरवीनं तिसरं वर्तुळ केलं. "त्यात आणखी कोण?"

"कोणी नाही."

"बाबा?"

"कृष्णनाथाची त्यात जागा नाही. थोरल्याचं त्यानं करून झालंय."

काकाला घेऊन यायला बाबा दोनदा फोंड्याला जाऊन रिकाम्या हातांनी परतले होते, ते गौरवीला आठवलं. पडद्यावर दोन वर्तुळं माणसांनी गच्च भरली होती, आणि तिसऱ्यात काका एकटा होता. जत्रेच्या जेवणावळीत एखाद्याचं पान मुद्दाम लांब मांडावं तसा. तिनं नाक वर ओढलं.

"वाळीत टाकतेस त्याला? पोटच्या पोराला? काका आला नाही तर मी बोहल्यावर उभी राहणार नाही, सांगून ठेवते."

"उभी राहशील. तुझ्या अंगावर अक्षता पडेपर्यंत मी काही हलत नाही."

"म्हणजे काका नकोच तुला."

"नाक पूस आधी. सून होऊन जाणार दुसऱ्याच्या घरी, नि अशी शेंबडी. लग्नाची पत्रिका दे त्याला. तुझ्या हातानं नेऊन दे. मी अडवलंय कधी?"

"मग त्याला एकट्याला वेगळं का काढलंस?"

"तुझ्या लग्नाचा या वर्तुळांशी काय संबंध?" प्रभावतीनं लुगड्याचा पदर खांद्यावर नीट घेतला. जनेलातून आलेलं ऊन तिच्या पायांवर पडलं होतं. तिनं पाय सरकवले नाहीत. "नावं घालायची राहिलीत. मी सांगते, तू लिही. पहिल्यावर लिही, 'पोचवायला'."

गौरवीचं बोट थांबलं.

"लिही. दुसऱ्यावर, 'बाराव्याला'. कळवायचं तुलाच आहे. कृष्णनाथाला त्या दिवशी काही सुचणार नाही. डॉक्टरनं सांगितल्यापासूनच त्याला जेवण जात नाही."

गौरवीनं दोन्ही नावं लिहिली.

"आणि तिसऱ्यावर?" गौरवीनं विचारलं.

"तिसऱ्यावर काही लिहू नको. त्याला फोन कर," प्रभावती म्हणाली. "आमच्या घरात बापाला थोरला अग्नी देतो. आईला धाकटा."