अंगावर जाणारा

मालाडच्या शेल्टरमध्ये त्या दुपारी सात कुत्रे मोकळे बसले होते: तीन लॅब्रेडॉर, दोन बीगल, दोन गावठी. माधुरी दोन्ही मुलांना घेऊन आली होती.

"मुलांच्या घरात लॅब्रेडॉर बरा, ताई," तिथं काम करणारा केतन म्हणाला. "कुणाच्या अंगावर जात नाही."

"अंगावर जाणाराच हवाय, दादा. आणि आजच न्यायचाय."

"चोरांचा त्रास आहे का?"

"चोर परवडले हो! तुम्ही असं करा, माझ्यावर हात उगारा. जो उठेल तो नेते."

केतनने कचरत हात उगारला. एकही कुत्रा उठला नाही. थोरलीने धाकट्याला ओढून टेबलाखाली नेलं आणि त्याचं तोंड दाबून धरलं. दोन सेकंद लागले.