टायरचं माप

"काका, या बारक्या गाडीला रुंद टायर आणि काळी अलॉय व्हील टाका. पोरं वळून बघतील!" दुकानदार म्हणाला.

निवृत्त ग्रंथपाल खासनीस नुसतेच हसले. नाही म्हणणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं. मागे सीट कव्हर आणायला गेले आणि वाघाच्या पट्ट्यांचं घेऊन आले. म्हणूनच आज पत्नीने बजावलं होतं, "जुन्या टायरवरचं माप लिहून न्या आणि तेच आणा. नाहीतर गाडीतच झोपा!"

त्यांनी खिशातली चिठ्ठी पुढे केली. दुकानदाराने ती वाचली, आत जाऊन खुडबुड केली आणि तो मान हलवत परत आला. "हे माप कंपनीने बंद केलं, काका. शेवटचा सेट गेल्याच आठवड्यात विकला. आता रुंदच घ्या."

खासनीसांनी चिठ्ठी पाहिली. ८९१.४६१. तो वाचनालयातल्या मराठी कवितांच्या कपाटाचा क्रमांक होता! टायरची चिठ्ठी दुसऱ्या खिशात राहिली होती.

"नको," खासनीस आयुष्यात पहिल्यांदाच म्हणाले आणि त्यांनी खरी चिठ्ठी पुढे केली. "हे माप द्या. बाकी, मराठी कवितांना एवढा खप आहे हे ऐकून बरं वाटलं."